दुखवट्याच्या घरी फुले

हिंदीत 'फूल' या साध्या शब्दाला एक अर्थ आहे, जो आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाही. दहनानंतर चितेतून वेचलेल्या अस्थींना उत्तर हिंदुस्थानात 'फूल' म्हणतात. आपण ज्याला राख सावडणे किंवा अस्थिसंचय म्हणतो, ते तिकडे 'फूल चुनना'. गंगेत सोडायला न्यायच्या त्या पुरचुंडीला हाडे म्हणण्यापेक्षा फूल म्हणणे लोकांना बरे वाटले असावे. मुसलमान कुटुंबांत मृत्यूनंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या विधीला सोयम म्हणतात, तीजा म्हणतात, आणि जुन्या बोलीत 'फूल' असेही म्हणतात. ग्वाल्हेरसारख्या एकाच गावात, एकाच शब्दाने, दोन धर्मांची माणसे आपापल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. आणि त्याच गावात दोनशे वर्षे राहिलेला मराठी माणूस मात्र दुखवट्याच्या घरी जाताना हातात फूल घेऊन जात नाही.

का नेत नाही, न्यायचे तर कोणासाठी आणि कोणते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. माझे माहेर निपाणीकडचे; म्हणजे लहानपण मराठी-कानडीत गेले आणि संसार ग्वाल्हेरच्या लष्करात मराठी-हिंदीत झाला. दोन भाषांच्या गावात लग्नाच्या मानपानात काही राहून गेले तर ते पुढे हसण्यावारी जाते; दुखवट्यात राहून गेले तर घरे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून या फुलांचा ग्वाल्हेरपुरता का होईना, इतिहास मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

*

ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे खरोखरीचे लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. तंबूंची घरे झाली, घरांभोवती बाजार वसले, आणि शहराचे नाव 'लष्कर' असेच राहून गेले. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज या पेठांच्या नावांत शिंद्यांच्या पिढ्या वाचता येतात. छावणीबरोबर सरदार आले, तसे कारकून, भिक्षुक, कीर्तनकार आणि गवईही आले, आणि त्यांच्या बायका देवघरे, पंचांग, पुरणयंत्र आणि सुतकाचे नियम घेऊन आल्या.

या छावणीची धनीण आपल्या भागातली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कागलच्या सखाराम घाटगे सर्जेरावांची मुलगी बायजाबाई हिचे १७९८ मध्ये पुण्यात दौलतरावांशी लग्न झाले. दौलतराव १८२७ मध्ये वारले. दत्तक घेतलेले जनकोजीराव लहान होते, आणि पुढची सहा वर्षे, १८३३ पर्यंत, राज्याचा कारभार या विधवेने पाहिला. कागल ते ग्वाल्हेर ही वाट मी जेव्हा गाडीत बसून कापीत असे, तेव्हा मला या बाईची आठवण होई. तिची आठवण या लेखात पुढेही लागणार आहे.

मराठी माणसांनी बरोबर नेलेल्या रीतींत दुखवट्याची रीत सर्वांत कमी बदलली. सणावारांत हिंदी पदार्थ शिरले, लग्नात बँड आणि 'बारात' शिरली. पण मृत्यूच्या वेळी माणूस जुन्याला धरून राहतो. सुतकाच्या घरात देवपूजा बंद, म्हणून परडीत फूल नाही. दाराला तोरण नाही. बायका केसांत काही माळत नाहीत. कुणी बाहेरून फुले आणून हाती द्यावीत, तर ती ठेवायला त्या घरात जागाच उरलेली नसते. फुले असतात ती तिरडीवर. तुळशीची पाने, बुक्का, गुलाल आणि मिळतील ती फुले गेलेल्या माणसाच्या अंगावर वाहतात, आणि ती त्याच्याबरोबरच जातात. सवाष्ण गेली तर तिला हिरवे नेसवून, मळवट भरून, केसांत फुले माळून नेतात.

त्यानंतर फुले घरात येतात ती श्राद्धाला, आणि तीही निवडून. माका लागतोच. तुळस लागते. फुले पांढरी आणि मंद वासाची हवीत. तांबडी फुले आणि केवडा वर्ज्य. भाद्रपदाच्या कृष्णपक्षात लष्करच्या बाजारात माका मागितला, तर भाजीवाली नुसती पाहत राहते. 'भंगरा' म्हटले की लगेच काढून देते. आमच्या सासूबाई मराठीचे एक अक्षर न बदलता आयुष्यभर ग्वाल्हेरात राहिल्या, पण भाद्रपदात त्यांच्याही तोंडी 'भंगरा' असे. पितरांसाठी त्यांनी केलेली ही एक तडजोड.

गेलेल्या माणसाला फूल, ही कल्पना शिंद्यांनी राजेशाही थाटाने पाळली. लष्करात छत्रीबाजार म्हणून भाग आहे, तिथे शिंदे घराण्यातल्या पुरुषांच्या छत्र्या आहेत. ग्वाल्हेरहून शे-सव्वाशे किलोमीटरवर शिवपुरीला माधवराव शिंद्यांनी आपल्या आईची, सख्याराजेंची छत्री बांधली. माधवराव स्वतः ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले, आणि त्यांची संगमरवरी छत्री आईच्या छत्रीसमोरच उभी राहिली. आतल्या मूर्तींना रोज पोशाख घालायचा, नैवेद्य दाखवायचा, अशी रीत तिथे पडली. मेलेले माणूस जणू शेजारच्या खोलीत आहे, असा हा राबता. सामान्य मराठी घरात याचे छोटे रूप म्हणजे भिंतीवरची तसबीर. छायाचित्रे स्वस्त झाल्यावर तसबिरी आल्या, आणि तसबिरीला रोज ताजा हार कोण घालणार, म्हणून चंदनाच्या सालींचा न सुकणारा हार आला.

*

मग दुःखात असलेल्या जिवंत माणसांसाठी आपण काय नेतो? अन्न नेतो. ज्या घरात माणूस गेले, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारचे पिठलेभात पाठवतात. स्मशानातून परतलेल्यांना कुणीतरी आग्रह करून चार घास खायला लावते. आपल्याकडे याला 'कडू घास' म्हणतात. ग्वाल्हेरकडे हिंदी घरांतून आणि मुसलमान घरांतूनही याच जेवणाला 'कडवी रोटी' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माहेरचे कुणी भेटल्यासारखे वाटले. रोटी आणि घास वेगळे, पण कडवटपणा एकच.

बसण्याच्या रीतीत मात्र फरक आहे. हिंदी घरात 'उठावनी' असते. दिवस आणि वेळ ठरवून कळवतात, वर्तमानपत्रातही छापून येते. दालनात पांढरी बिछायत, समोर फोटो, फोटोला गेंद्याचा किंवा गुलाबाचा हार, आणि शेजारी ताटात गुलाबाच्या सुट्या पाकळ्या. येणारा माणूस ओंजळीत थोड्या पाकळ्या घेऊन फोटोपुढे वाहतो, घरच्यांना हात जोडतो, थोडा वेळ बसतो. तासाभरात सगळे आटोपते. मराठी घरी अशी वेळ दिलेली नसते. लोक भेटायला येतात, ते दहा दिवसांत कधीही. येतात, गप्प बसतात, गेलेल्याच्या शेवटच्या दिवसाची हकीकत पुन्हा एकदा ऐकतात, आणि उठताना 'येतो' म्हणत नाहीत. निरोपाचा शब्दच त्या घरी उच्चारायचा नसतो.

या दोन रीती शेजारीशेजारी नांदल्यावर त्यांनी एकमेकींकडून थोडे थोडे घेतले. आमच्या आळीत मराठी घरांतूनही हळूहळू फोटोपुढे पाकळ्यांचे ताट दिसू लागले. मराठी सुतकाची हिंदी शेजाऱ्यांना इतकी सवय झाली, की दहा दिवस ते आमच्या घरी प्रसादाची वाटी पाठवीत नसत. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी राहिली. पाकळ्या वाहायच्या त्या गेलेल्याला. मागे राहिलेल्याच्या हातात कुणी फूल देत नाही.

मुसलमानांच्या रीतीतही फूल मृताचेच असते, आणि त्याचे सर्वांत सुंदर रूप ग्वाल्हेरच्या हजिरा भागात पाहायला मिळते. तिथे महंमद घौस या सूफी सत्पुरुषाचा मकबरा आहे. घौस १५६३ मध्ये वारले. त्यांच्या दगडी जाळ्यांच्या भव्य इमारतीच्या बाजूला एका साध्या चौथऱ्यावर तानसेनाची लहानशी कबर आहे, आणि तिच्या जवळ गवयांच्या श्रद्धेचे चिंचेचे झाड. माधवराव शिंद्यांच्या काळात १९२४ मध्ये तिथल्या उरुसाला संगीताच्या उत्सवाचे रूप आले. पुढे तो तानसेन समारोह म्हणून देशभर गाजला. या समारोहाची सकाळ पाहण्यासारखी असते. शहनाई होते. ढोलीबुवांच्या मठाचे कीर्तनकार नारदीय पद्धतीने हरिकथा करतात. मीलाद होते. मग कबरीवर चादर चढते आणि तिच्यावर फुले पडतात. मराठी वळणाचे कीर्तन मुसलमान सत्पुरुषाच्या आवारात चालते, आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. आमच्या आळीतले सोवळे पाळणारे वृद्धसुद्धा तिथे पाकळ्या वाहून येत.

*

फूल मृताला नव्हे, तर शोक करणाऱ्या कुटुंबाला धाडायचे, ही कल्पना आपल्याकडे साहेबाच्या मागून आली. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे होता. तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ च्या सुमारास. शेजारच्या मुरारला इंग्रजांची छावणी होती, आणि छावणी आली की दफनभूमी येते. दफनभूमीबरोबर पुष्पचक्र आले. त्या वर्तुळाला आरंभ नाही, शेवट नाही, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती लोक लावतात. पुष्पचक्र मृताचे. पण त्याच एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत दुखवट्याच्या घरी कार्ड बांधलेला पुष्पगुच्छ धाडण्याचा रिवाजही रूढ झाला, आणि कोणत्या प्रसंगी कोणते फूल, याचे संकेत तिथे ठरत गेले. आपल्याकडे सरकारी कचेऱ्या, लष्कर आणि पुढे राजकीय पुढारी यांनी पुष्पचक्र उचलले. पुष्पगुच्छ धाडणे शहरी कुटुंबांत अलीकडे आले.

हे संकेतही मोठे गमतीचे असतात. फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या आरंभी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात, त्यामुळे तिथे कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंतीचा गुच्छ नेणे अशुभ समजतात. आपल्याकडे शेवंतीची वेणी गौरीला आणि लक्ष्मीला. झेंडूची गोष्ट तर आणखी लांबची. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे मृतांच्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या पसरून घरापासून थडग्यापर्यंत वाट करतात, म्हणजे गेलेल्या माणसाला त्या रंगाच्या आणि वासाच्या मागोमाग घरी येता यावे. तेच फूल समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि दसऱ्याचे तोरण झाले. ग्वाल्हेरात गेंदा लग्नाच्या मांडवालाही चालतो आणि उठावनीच्या फोटोलाही. फुलाच्या अंगात शोक नसतो, आनंदही नसतो. माणसे त्याला कामाला लावतात तसे ते वागते.

म्हणून कोणते फूल शोभेल, हा प्रश्न मला तितकासा अवघड वाटत नाही. आजूबाजूची चार घरे पाहिली की उत्तर मिळते. अवघड प्रश्न निराळा आहे, आणि तो ग्वाल्हेरच्या फूलबागेत उभे राहिले की समोर येतो.

*

फूलबाग हे शहराच्या मध्यावरचे मोठे उद्यान. माधवराव शिंद्यांच्या काळात ते आकाराला आले. एकाच परिसरात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज आहे. त्याच्या जवळच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. थोड्याच दिवसांत इंग्रजांची फौज आली, कोटा की सराय येथे लढाई झाली, राणी घोड्यावर असताना जखमी झाली, आणि बाबा गंगादासांच्या मठाजवळ तिला अग्नी दिला गेला. ग्वाल्हेरात १८ जूनला तिचा बलिदान दिवस पाळतात. त्या दिवशी पुष्पचक्रे येतात, गुलाब-गेंद्याचे हार येतात, शाळेच्या मुली ओंजळीने पाकळ्या वाहतात.

आता ही राणी जिवंतपणी कशी राहत होती ते पाहू. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. १८५४ मध्ये जॉन लँग नावाचा वकील तिला भेटला होता. त्याने नोंदवले आहे, की तिच्या अंगावर साधे पांढरे वस्त्र होते आणि कानांतल्या सोन्याच्या अलंकारांखेरीज दागिना नव्हता. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. राणीने केशवपन केले नव्हते, आणि त्याबद्दल ती रोज प्रायश्चित्त घेत असे, मग तुळशीची पूजा, मग पार्थिव पूजा, असा तिचा क्रम भटजींनी दिला आहे. केस राखले म्हणून रोज प्रायश्चित्त! तलवार चालवणाऱ्या, राज्य करणाऱ्या या बाईला देवावर फूल वाहता येत होते. स्वतःच्या केसांत माळता येत नव्हते. आज तिच्या समाधीवर हारांचा खच पडतो.

ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांनी या समाधीवर कविता लिहिली आहे. राणीही माहेरची तांबेच, मोरोपंत तांब्यांची लेक. त्या कवितेत वाटसरूकडे पहिले मागणे आहे ते आसवांचे. तांबे १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच वारले. मला वाटते, फुलांनी भागणार नाही हे त्या कवीला कळले होते.

*

सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईला फुले मिळतात, आणि मागे राहिलेल्या बाईची फुले जातात. दुखवट्याच्या घरी फुलांचा खरा प्रश्न हा आहे. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांविषयी बोलले तरी जाते. फूल मात्र आवाज न करता जाते. फोडावे लागत नाही, पुसावे लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते नुसते येईनासे होते.

याविरुद्ध आपल्याकडे जो आवाज उठला, त्यातल्या एका घराण्याच्या नावातच फुले आहेत. जोतीरावांचे वाडवडील मूळचे गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे ते फुले झाले. जोतीराव जन्मले १८२७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बायजाबाई विधवा झाल्या त्याच वर्षी. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा टिटवे हातात घेऊन सावित्रीबाई अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, हा नियम त्यांनी पुण्याच्या भर रस्त्यात मोडला.

कागलचे नाव इथे पुन्हा येते. ज्या घाटगे घराण्यातून बायजाबाई ग्वाल्हेरला गेल्या, त्याच कागलच्या घाटगे घराण्यात पुढे शाहू महाराज जन्मले आणि कोल्हापूरला दत्तक गेले. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच मार्ग दाखवला. हेरवाड आपल्या सीमेवरचे गाव. तिथल्या बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही कानावर पडतात, आणि दोन्ही भाषांत बायका एक जुना हिशेब सांगतात: मंगळसूत्र आणि जोडवी सासरची; कुंकू, बांगड्या आणि फुले माहेरची. पाळण्यात असल्यापासूनची. नवऱ्याने न दिलेली वस्तू नवऱ्याबरोबर का जावी?

आमच्या सासूबाईंना हा हिशेब ठाऊक होता की नाही, मी विचारले नाही. त्या ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. लष्करातल्या आमच्या वाड्याच्या चौकात त्यांनी मोगरा लावला होता. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी त्या कळ्या खुडत, केळीच्या सोपात गुंफत. एक माळ देवाला, एक एक गजरा सुनांना, एखादा शेजारच्या मुलीला. स्वतःच्या केसांना त्यांनी कधी लावला नाही, आणि लावत नाहीत हे कुणी बोलूनही दाखवले नाही. इतके ते सर्वांच्या सवयीचे झाले होते.

माझे यजमान गेले, त्याला आता बारा वर्षे झाली. त्या तेरा दिवसांत ग्वाल्हेरच्या साऱ्या रीती आमच्या घरी येऊन गेल्या. यजमानांच्या हिंदी सहकाऱ्यांनी फोटोसाठी गुलाबाच्या पाकळ्या आणल्या. हजिऱ्याकडे राहणाऱ्या त्यांच्या एका मुसलमान मित्राच्या घरून दोन दिवस डबा आला. निपाणीहून भाऊ आला, तो काही न आणता आला आणि दहा दिवस माझ्या शेजारी बसून राहिला. सुतक फिटल्यावर चौदाव्या दिवशी नेहमीची माळीण देवाची फुले घेऊन आली. परडीत फुलांवर एक गजरा होता. 'ये भगवान के, और ये आपका, बहूजी,' असे ती म्हणाली, जसे ती रोज म्हणत असे. ओसरीवरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मी हात पुढे केला नाही. तेव्हा सासूबाई उठल्या, त्यांनी परडीतला गजरा उचलला आणि माझ्या केसांत स्वतः माळला. बोलल्या काही नाहीत. आत जाऊन त्यांनी देवपूजा सुरू केली.

त्यांनी आयुष्यभर स्वतःसाठी जे केले नाही, ते ऐंशीच्या पुढे गेल्यावर माझ्यासाठी केले. इतिहासात याची नोंद कुठे होणार नाही, म्हणून इथे करून ठेवते.

*

असो. ज्यांना व्यवहाराचे सांगणे हवे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मराठी घरी पहिल्या दहा दिवसांत जायचे असेल, तर फुले नेऊ नयेत. अंत्ययात्रेपूर्वी पोचलात, तर हार किंवा तुळस देहावर वाहावी. त्यानंतर डबा न्यावा, साधा, न तळलेला, आणि परत न मागायच्या भांड्यातून. हिंदी घरच्या उठावनीला हार नेण्याची गरज नसते. ताटातल्या पाकळ्या वाहाव्यात, आणि दिलेली वेळ पाळावी. मुसलमान घरी तिसऱ्या दिवशी बोलावणे असेल तर जरूर जावे; कबरीसाठी गुलाबाची फुले चालतात, पण आधी घरच्यांना विचारावे, कारण काही घरांत कबरीवर फुले वाहत नाहीत. ख्रिस्ती घरी पांढऱ्या फुलांचा गुच्छ किंवा पुष्पचक्र योग्य. वर्षश्राद्धाला आपल्याकडे जाई-जुई, मोगरा यांसारखी पांढरी फुले आणि माका नेऊन दिला, तर घरातल्या बाईचे बाजारातले एक खेटे वाचते, आणि तेवढी मदत त्या दिवशी पुष्कळ असते.

आणि त्या घरात नवरा गेलेली बाई असेल, तर तेरा दिवस उलटल्यावर पुन्हा एकदा जावे. सगळ्यांची वर्दळ थांबलेली असते, भाऊ माहेरी परतलेला असतो, डबे बंद झालेले असतात. तिच्या आवडीचे फूल कोणते ते शेजाऱ्यांना ठाऊक असतेच. नसेल तर तिच्या अंगणात काय लावले आहे ते पाहावे. ते थोडेसे घेऊन जावे आणि तसबिरीपुढे न ठेवता तिच्या हातात द्यावे. ती माळेल किंवा न माळेल, ते तिच्याकडे.